क्लास फोरचं छप्पर

क्लास फोर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शिपाईच येतो. खाकी सदरा, खांद्यावर रुमाल, दोन्ही हातांत चहाचे ग्लास. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते, म्हणजे क्लास थ्री. क्लास वन म्हणजे जीपमधून उतरणारे साहेब, क्लास टू म्हणजे साहेब व्हायला टपलेले, आणि क्लास फोरच्या खाली फक्त ऑफिसातलं मांजर. ही उतरंड लहानपणापासून माझ्या अंगात इतकी मुरली आहे की साठी उलटली, टेक्सासात वीस वर्षं काढली, तरी ती काही निघाली नाही.

म्हणून गेल्या एप्रिलात छपराचा कंत्राटदार आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून म्हणाला, "मी तुम्हाला क्लास फोर शिंगल्स सुचवेन, थोडे महाग पडतील," तेव्हा मी चहा गाळता गाळता तिथूनच त्याला सुनावलं, "क्लास फोरला जास्त पैसे कशाला द्यायचे? आम्हाला क्लास वन दाखवा."

तो माणूस गोंधळला. हे, म्हणजे माझे यजमान, खाली मान घालून हसायला लागले. पुण्याचे असले तरी त्यांचेही काका सरकारी नोकरीत होते, त्यांना लगेच उलगडा झाला. मग त्यांनीच त्या कंत्राटदाराला समजावलं की आमच्या देशात क्लास फोर म्हणजे सगळ्यात शेवटचा. तो साठीच्या घरातला, मेक्सिकोतून आलेल्या आईबापांचा मुलगा, अंगाने दांडगा पण बोलायला मऊ. तो म्हणाला, "मॅडम, छपराच्या धंद्यात उलटं आहे. फोर सगळ्यात वरचा." मग त्याने सांगितलं की हे शिंगल, म्हणजे छपरावर ओळीने ठोकायचे डांबरी तुकडे, तपासताना त्यावर उंचावरून पोलादी गोळा टाकतात. एकदा नाही, त्याच जागी दोनदा. तरीही तडा गेला नाही, तर तो क्लास फोर.

मी चहाचं गाळणं तसंच धरून उभी राहिले. म्हणजे हे शिंगलही वाजवूनच घेतात, असं माझ्या मनात आलं, आणि पुढचं तो काय बोलला ते मला ऐकूच आलं नाही.

आधी गारांचं सांगते. त्याच्या तीन आठवडे आधी दुपारी आभाळ हिरवट झालं आणि वादळाच्या इशाऱ्याने आमच्या दोघांचे फोन एकदम कोकलायला लागले. टेक्सासच्या आधी आम्ही न्यू जर्सीत होतो, तिथे बर्फ असायचा, अशा गारा नव्हत्या. इथे आल्यावर कळलं की टेक्सासात लोक गाडी कुठे उभी करायची हे आभाळाकडे बघून ठरवतात. त्या दिवशी लिंबाएवढ्या गारा पडल्या. छपरावर असा धडधडाट की समोरासमोर उभं राहून बोललेलं कळेना. मी काय केलं असेल? मागचं दार उघडलं आणि लोखंडी झारा अंगणात भिरकावून दिला. माझ्या माहेरी गारा आल्या की आई लोखंडी पळी अंगणात फेकायची, म्हणजे गारा थांबतात म्हणे. गारा थांबल्या नाहीत. झारा मात्र दोन दिवस गवतात सापडला नाही, आणि तोवर हे सारखे विचारत होते, "गारा थांबवायचं यंत्र मिळालं का?"

समोरचे म्हातारे शेजारी म्हणाले की थोड्या गारा फ्रीजरमध्ये ठेवा, विमा कंपनीचा माणूस आला की दाखवता येतील. यांनी टपोऱ्या बघून वेचल्या आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवल्या. आता ज्यांच्या घरी मराठी बाई आहे त्यांच्या फ्रीजरमध्ये श्रीखंडाचे डबे किती असतात आणि त्यातल्या एकातही श्रीखंड कसं नसतं, हे मी सांगायला नको. विम्याचा माणूस आला तेव्हा यांनी मोठ्या ऐटीत डबा उघडून त्याच्यापुढे धरला. आत ओलं खोबरं. त्या बिचाऱ्याने आधी खोबऱ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, आणि गंभीरपणे म्हणाला, "या फारच बारीक दिसताहेत." दुसऱ्या डब्यात मटार निघाले, तिसऱ्यात पुरण. गारा चौथ्यात होत्या. तो छपरावर चढला, खडूने गोल गोल खुणा केल्या, फोटो काढले आणि छप्पर नवीन करायला मंजुरी देऊन गेला. पण मंजुरी होती ती साध्या शिंगल्सची. क्लास फोर हवे असतील तर वरचा फरक आमच्या खिशातून.

म्हणून तो कंत्राटदार आमच्या टेबलाशी बसला होता. माणूस प्रामाणिक होता. गारांपुढे शंभर टक्के टिकेल असं छप्पर जगात नसतं, हे त्याने आधीच सांगून टाकलं. यात रबरासारखं काहीतरी मिसळलेलं असतं, त्यामुळे गार आदळली तरी तडकत नाही, एवढंच. विम्याचा हप्ता थोडा कमी होईल. उलट काही कंपन्या लिहून घेतात की नुसते पोचे पडले तर आम्ही पैसे देणार नाही, तेवढं नीट वाचून घ्या. मी नमुन्याचा एक तुकडा हातात घेतला, सवयीने बोटाच्या पेराने टकटक केली आणि कानाशी नेला. भद्द. काहीच आवाज नाही. तो हसला. म्हणाला, "हा आवाज करत नाही मॅडम, गिळतो." मग त्याने यांच्याकडे वळून अगदी साधा प्रश्न विचारला. "तुम्ही या घरात अजून किती वर्षं राहणार आहात? त्यावर सगळं आहे. तीन-चार वर्षांत विकणार असाल तर साधे घाला. पंधरा-वीस वर्षं राहणार असाल तर हे घाला."

हे माझ्याकडे बघायला लागले आणि मी यांच्याकडे. शेवटी हे म्हणाले, "वेल, फॉर नाउ, वुई आर हिअर."

फॉर नाउ. सध्या. या एका शब्दावर आम्ही आमचा संसार केला आहे.

अमेरिकेत आलो ते दोन वर्षांसाठी. यांच्या कंपनीचं काम होतं, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका खोलीचं अपार्टमेंट, खाली कायम कुणाची तरी फोडणी. दोन वर्षांनी परत जायचं म्हणून सोफा कुणाचा तरी जुना आणला. "सध्यापुरता चालेल," हे म्हणाले. टेबल सध्यापुरतं, पडदे सध्यापुरते, गाद्या जमिनीवर सध्यापुरत्या. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत बायका काचेच्या कपाटांपुढे उभ्या राहून डिनर सेट बघायच्या, मी स्टीलची चार ताटं घेऊन यायचे. जाताना कोण नेणार काचेचं? आमची मुलगी त्या घरात मोठी झाली. चार-पाच वर्षांची असताना तिची मैत्रीण घरी आली होती, तिला ती सगळं घर हिंडून दाखवत होती. "धिस इज अवर सध्यापुरता टेबल," तिने सांगितलं. कॉफी टेबल असतं तसं सध्यापुरतं टेबल असतं, असा तिचा समज. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. आता ते आठवलं की हसू येतं, पण पूर्ण येत नाही.

मग यांची नोकरी टेक्सासला गेली. भाड्यापेक्षा हप्ता बरा म्हणून हे घर घेतलं. "सध्या घेऊन टाकू, जाताना विकू." त्याच सुमारास पुण्यात सिंहगड रोडला फ्लॅट घेतला, तो मात्र कायमचा. त्यात सागवानी डायनिंग टेबल केलं, भिंतीतली कपाटं केली, देवघराला नक्षी केली. दर डिसेंबरात आम्ही जातो, पांढऱ्या चादरी काढतो, नळाचं तांबूस पाणी स्वच्छ होईपर्यंत सोडून ठेवतो, चार दिवस झाडतो, दहा दिवस राहतो, आणि परत चादरी घालून कुलूप लावतो. कायमचं टेबल वर्षातून दहा दिवस वापरलं जातं आणि सध्यापुरत्या टेबलावर आमची वीस वर्षांची जेवणं झाली. हे मला कधी विचित्र वाटलं नव्हतं. त्या कंत्राटदाराने विचारलं, आणि वाटलं.

त्याने शुक्रवारपर्यंत सांगा म्हटलं, माल मागवावा लागतो. हे लगेच एक्सेल उघडून बसले. या माणसाने मुलीचं कॉलेजसुद्धा एक्सेलमध्ये निवडलं होतं. एका बाजूला साधं छप्पर, एका बाजूला क्लास फोर, खाली विम्याचा हप्ता, दुरुस्ती, सगळं रांगेत. मधे एक रकाना होता, 'या घरात वर्षं'. तो रिकामा. वरचा फरक त्या वर्षांनी भागायचा होता, आणि रिकाम्या रकान्याने भागता येत नाही, म्हणून खाली सगळीकडे लाल अक्षरांत एरर.

"भरा की काहीतरी," मी म्हटलं.

"भरू गं. विचार करतोय."

मला वाटत होतं की त्यांना जायचंय. फ्लॅटचा मेंटेनन्स ते कसे वेळेवर भरतात, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल कसे तावातावाने लिहितात, ते मी बघत होते. या वर्षी ते रिटायर झाले होते. आता न जायला काही कारणच उरलं नव्हतं. आणि मला? मला विचाराल तर मी दहा वर्षांपूर्वी हो म्हटलं असतं, धावत गेले असते. आता त्या रकान्यात कुणी 'दोन' लिहिलं असतं तर मी ते खोडून टाकलं असतं. हे मला त्या आठवड्यात कळलं, आणि कळल्याचं फार वाईट वाटलं.

त्या चार दिवसांत मला वडिलांचंच घर दिसत राहिलं.

आमचं घर विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात होतं, भाड्याचं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी, आणि वर कवेलू. हे पुण्याचे, त्यामुळे 'कवेलू' म्हटलं की यांना अजून गुदगुल्या होतात. "कौलं म्हण गं." कौलं तुमच्याकडे, आमच्याकडे कवेलू. आमच्या गावात गारांपेक्षा वानरांचा ताप जास्त. आठ-दहा वानरांचा कळप एका छपरावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला की पाठीमागे फुटक्या कवेलूंचा रस्ता तयार. म्हणून दर मे महिन्यात कवेलू फेरायचे. सगळे खाली उतरवायचे, झटकायचे, फुटके काढायचे, आणि पुन्हा ओळीने लावत जायचे. घरमालक नागपूरला राहायचे. ते त्यांचं काम होतं, पण ते करायचे नाहीत. वडील करायचे. बनियन, पट्ट्यांची अर्धी चड्डी, डोक्याला ओला पंचा. ऑफिसात मान खाली घालून फायली लिहिणारा माणूस छपरावर चढला की एकदम क्लास वन दिसायचा.

त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक कवेलू हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवायचा आणि कानाशी धरायचा. चांगला असला की टण्ण वाजतो. आत बारीक तडा असेल, डोळ्यांना दिसत नसेल, तर भद्द वाजतो. "हा बोलते," ते म्हणायचे, आणि एका बाजूला ठेवायचे. "हा मुका," आणि दुसऱ्या बाजूला. मी तेव्हा कॉलेजात. बीएचा अभ्यास घेऊन निंबाखाली बाजेवर बसलेली. ते वरून एखादा वाजवायचे आणि विचारायचे, "काय म्हणते?" मी पुस्तकातून डोकं वर न काढता सांगायचे, "बोलते." कधी मुद्दाम चुकीचं सांगायचे. ते कधीच फसले नाहीत. चांगल्यातले जास्तीचे कवेलू ते घराच्या मागच्या भिंतीला उभे रचून ठेवत, पुढच्या वर्षी लागतील म्हणून.

आई वैतागायची. "भाड्याच्या घराले एवढं कोण करते जी? मालकाले सांगा ना."

वडिलांचं उत्तर ठरलेलं. "पाणी आपल्या डोक्यावर गळते. मालकाच्या नाही."

बावीस वर्षं आम्ही त्या घरात राहिलो. मग वडिलांनी नागपूरच्या टोकाला छोटं घर बांधलं, स्लॅबचं. जूनमध्ये जायचं ठरलं, ट्रक ठरला, आईने भांडी पोत्यात बांधली. आणि मे महिन्यात एका सकाळी बघते तर वडील पंचा डोक्याला बांधून छपरावर. आईचा पाराच चढला. अंगणात उभी राहून ती ओरडली, "आता तर आपल्या डोक्यावरही नाही गळणार! आता कोणासाठी करून राह्यले?"

वडील हातातला कवेलू वाजवत होते. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "कोणाच्या तरी डोक्यावर तर गळंल ना."

आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. निघायच्या दिवशी ट्रक भरल्यावर वडील मागे गेले ते येईनात, म्हणून मी बघायला गेले. जास्तीचे कवेलू नीट रचलेले होते आणि वडील भिंतीवर खडूने लिहीत होते. ऑफिसात लिहायचे तसंच वळणदार अक्षर. 'चांगले कवेलू. नग ४०. वाजवून ठेवले आहेत.' पुढे कोण राहायला येणार आहे ते त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती. ट्रकवाला हॉर्न देत होता आणि मी म्हटलं होतं, "बाबा, चला ना आता." आज वाटतं, दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं.

स्लॅबच्या घरात त्यांना करमलं नाही. पाऊस आला की दारात जाऊन बघायचे आणि म्हणायचे, "हे घर काही सांगतच नाही." आम्ही अमेरिकेला निघालो तेव्हा त्यांनी यांना त्याच दारात विचारलं होतं, "किती वर्षं?" हे म्हणाले, "दोन, बाबा. दोन वर्षांत परत." वडिलांनी मान हलवली. तिसऱ्या वर्षी ते गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती आता लांब पूर्व किनाऱ्याकडे, श्रूजबरीला असते, तिला तिचं घर, तिची नोकरी. मी छपराचं सांगितलं. "आई, जस्ट गेट द गुड वन," ती म्हणाली. "यू गाइज आर नॉट गोइंग एनीव्हेअर."

"असं कोण म्हणालं?" मी एकदम चिडले.

"आई, कम ऑन. तुम्ही मी बॉर्न व्हायच्या आधीपासून जाताय."

ती प्रेमानेच म्हणाली. मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. मुलीचा राग नव्हता. तिने जे सांगितलं ते मला माहीत होतं, पण ते तिने सांगायला नको होतं. ते आम्ही एकमेकांना सांगायला हवं होतं.

हे फिरायला गेले होते. लॅपटॉप टेबलावर उघडा. मी एक्सेलकडे पाहिलं. खाली अजून एररच होते, पण शब्द वेगळे. म्हणजे रकाना आता रिकामा नव्हता. मी चष्मा लावला आणि वाकून वाचलं. हे मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात. 'या घरात वर्षं' या रकान्यात यांनी लिहिलं होतं: हिला विचारणे.

हे आल्यावर मी चहा न टाकता तशीच बसून राहिले. म्हटलं, "हे काय लिहिलंय?"

यांनी बूट काढता काढता पाहिलं. "काय? अगं, ते असंच."

"मग विचारलं का नाही? चार दिवस झाले."

यांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडवली. मग म्हणाले, "तू जायचं म्हणाली असतीस तर मला यावं लागलं असतं म्हणून."

"म्हणजे तुम्हाला जायचं नाही?"

"मला कधीपासून नाही जायचं. पण तुला मी दोन वर्षं सांगून आणलं. तुझ्या वडिलांना सांगून आणलं. त्यांच्या दारात उभं राहून. मी कुठल्या तोंडाने म्हणणार, की आता राहू या?"

मला हसायला येत होतं आणि राग येत होता आणि काय काय होत होतं. सोसायटीच्या ग्रुपवरचं ते भांडण, तो वेळेवर भरलेला मेंटेनन्स, ते सगळं माझ्यासाठी चाललं होतं. आणि मी यांच्यासाठी दर वर्षी ते सागवानी टेबल पुसत होते.

"मलाही नाही जायचं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. म्हटल्याबरोबर वडिलांच्या दारात उभी असल्यासारखं वाटलं. "पण मला वाईट वाटतंय हो. फार वाईट वाटतंय."

"मलाही," हे म्हणाले, आणि आम्ही दोघं त्या सध्यापुरत्या टेबलाशी बसून राहिलो.

थोड्या वेळाने यांनी लॅपटॉप पुढे ओढला. "मग काय लिहू? वीस? पण वीस वर्षांनी आपण कुठे असणार गं? इथे तरी असू का?" त्यांचा आवाज हलका होता, पण प्रश्न खराच होता. आम्ही राहायचं ठरवलं तरी किती दिवस, हे काही आमच्या हातात नाही. पायऱ्या चढवेनाशा झाल्या तर मुलीजवळ जावं लागेल. म्हणजे तो रकाना कुणालाच भरता येणार नव्हता. कंत्राटदाराचा प्रश्न बरोबर होता, पण आम्हाला त्याचं उत्तर येत नव्हतं.

"काही लिहू नका," मी म्हटलं. "क्लास फोर घाला. आपण राहिलो तर आपल्या डोक्यावर गळणार नाही. गेलो तर जे येतील त्यांच्या डोक्यावर गळणार नाही."

वडिलांची ही गोष्ट यांनी शंभर वेळा ऐकली आहे. त्यांनी ती फाइल सेव्ह न करता बंद केली, आणि या माणसाने फाइल सेव्ह न करता बंद करणं ही साधी गोष्ट नाही.

छप्पर एका दिवसात झालं. सकाळी सातला सहा माणसं चढली आणि दिवसभर ठोकाठोक चालली. मी त्यांना दुपारी पोहे आणि लिंबाचं सरबत दिलं. त्यांच्यातला एक वाकून एकेक शिंगल बसवत होता, पंचा नव्हता, टोपी होती, पण उन्हात पाठ तशीच चमकत होती. मी खालून बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिले. हे म्हणाले, "आत ये, ऊन लागेल." मी गेले नाही.

संध्याकाळी कंत्राटदार म्हणाला की शिंगल्सचा एक न उघडलेला गठ्ठा उरलाय, हवा तर ठेवा, नाहीतर मी घेऊन जातो. हे म्हणाले, "न्या न्या, गॅरेजमध्ये जागा नाही."

"ठेवा," मी म्हटलं.

तो गठ्ठा जड होता. दोघांनी उचलून गॅरेजच्या मागच्या भिंतीला उभा केला. माणसं निघून गेल्यावर मी आतून जाडा काळा मार्कर आणला, खाली बसले, गुडघे कुरकुरले, आणि गठ्ठ्याच्या वेष्टनावर लिहिलं. माझं अक्षर वडिलांसारखं नाही, पण जमेल तेवढं वळणदार काढलं. 'चांगले कवेलू. क्लास फोर. वाजवून घेतले आहेत.'

हे माझ्या मागे उभे राहून वाचत होते. "अगं, पुढे जे राहायला येतील त्यांना मराठी कुठे वाचता येणार?"

"ते येतील तेव्हा खाली इंग्रजीत लिहू," मी हात पुढे केला, यांनी मला उठवलं. "सध्या आपण आहोत ना इथे."